क्रेझी क्विल्ट: मणी लावलेली गोधडी पांघरायची कशी?

सुईदोरा

सव्वादोन वर्षांनी, गेल्या रविवारी, माझी क्रेझी क्विल्ट एकदाची संपली. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, बारा इंची नऊ चौकोन. आई मुद्दाम बघायला आली. चष्मा पुसला, खिडकीपाशी नेऊन एकेक चौकोन निरखला, मग सवयीने उलटी करून मागचे टाके बघायला गेली (अस्तर लावलंय, त्यामुळे तिची निराशा झाली) आणि शेवटी म्हणाली, "छान झालीय हो. पण ही पांघरायची कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. इथे हा उद्योग अजून कोण कोण करतं ते कळेल, आणि आईला काय सांगायचं तेही कोणीतरी सुचवेल.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या ठिगळांच्या क्विल्टमध्ये चौकोन, त्रिकोण मापात कापलेले असतात. क्रेझी क्विल्टमध्ये माप नाही. वाकडेतिकडे, पाचकोनी, पाचरीसारखे, जसे हाताला लागतील तसे तुकडे एका साध्या कापडावर शिवत जायचे. मग प्रत्येक जोडावर भरतकाम. दोन तुकडे जिथे मिळतात ती एकही रेघ उघडी ठेवायची नाही. त्यानंतर मोकळ्या जागी फुलं, पक्षी, नावं, तारखा, आणि सगळ्यात शेवटी मणी, टिकल्या, बटणं, लेस. आत कापूस बहुतेक घालत नाहीत. मला वाटायचं, हे नाव वेड्यावाकड्या तुकड्यांवरून पडलं असेल. पण चिनीमातीच्या भांड्यांच्या झिलईवर जे बारीक तडे जातात, त्यांना इंग्रजीत जवळपास हाच शब्द आहे आणि नावाचा संबंध त्याच्याशीही जोडतात. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे जपानी दालनातली भांडी, पडदे, ती एका बाजूला कललेली मांडणी बघून अमेरिकन बायका भारावल्या. इंग्लंडच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क या भरतकामाच्या शाळेचं रेशमी कामही त्याच प्रदर्शनात होतं. पुढची पंधरा-वीस वर्षं घरोघरी हेच खूळ. रेशमाचे कारखाने कात्रणांची पुडकी टपालाने विकायचे. सिगारच्या जुड्या बांधायच्या पिवळ्या रेशमी फिती, नवऱ्याचे टाय, टोपीचं अस्तर, काही म्हणून सुटलं नाही.

माझी सुरुवात मात्र एका पिशवीने झाली. बोहारीण जे कपडे घेत नाही ते आई पिढ्यान्‌पिढ्या एका पिशवीत भरून ठेवते. माळा आवरताना ती पिशवी माझ्याकडे आली. आत आजीच्या जांभळ्या इरकलीचा पदर, कुणाच्या तरी शालूच्या ब्लाऊजमधून उरलेला राणी रंगाचा तुकडा, बाबांचा एकुलता एक टाय (लग्नातला, नंतर कधीच न घातलेला), माझ्या परकराचा खणाचा काठ, आणि मखमलीची एक बाही. एकच बाही. दुसरी कुठे गेली, आईलाही आठवत नाही.

फेकवेना आणि वापरताही येईना. इरकलीचा पदर जेमतेम दीड फूट, तोही मधे विरलेला. त्याचं करणार काय? क्रेझी क्विल्टची सोय अशी की तळहाताएवढा तुकडा असला तरी त्याला जागा मिळते.

पहिला चौकोन बिघडला, ते सांगायलाच हवं. मी आधी मणी लावले आणि मग चौकोन सपाट दिसत नाही म्हणून उलट बाजूने इस्त्री फिरवली. मोती प्लॅस्टिकचे होते. इस्त्री उचलली तर खाली साबुदाण्याचा पापड. तो चौकोन मी अजून ठेवलाय.

दुसरी गंमत कोळ्याच्या जाळ्याची. जुन्या क्रेझी क्विल्टमध्ये कुठेतरी एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं भरलेलं असतंच. ते शुभ मानायचे. मीही चंदेरी जरीच्या दोऱ्याने काढलं. आठ आडवेउभे ताणलेले धागे, त्यावर गोल गोल फिरत गेलेले, प्रत्येक छेदावर एक बारीक टाका, आणि कोळी म्हणून एक काळा मणी, एक करडा. आई म्हणाली, "जळमटं काढण्यात माझा जन्म गेला, आणि तू जरीने काढून भिंतीवर लावतेस?"

फोटो उद्या टाकते, सकाळच्या उजेडात.

---

शेवंती_७

वा! वाचूनच हात शिवशिवायला लागले. मी शाळेत शिवणाच्या तासाला धावदोरा, टीप, साखळी, काज एवढंच शिकले, तेही बाईंच्या धाकाने. एवढ्यावर जमेल का? खालचं कापड कोणतं? दोरा कोणता? आणि तुकडे शिवायचे कसे, एकावर एक ठेवून की शेजारी शेजारी?

---

कोपऱ्यातला_मी

कौतुक आहेच, पण एक खटकतं. गोधडी म्हणजे ऊब. आमच्याकडे माणदेशात वाकळ म्हणतात. माझी आजी आणि शेजारची काकी उन्हाळ्यात ओसरीवर जुनेर अंथरायच्या, चार कोपऱ्यांवर चार दगड, आत धोतरं, फाटकी लुगडी, एकावर एक थर, आणि दोघी समोरासमोर बसून कडेने आत आत धावदोरा घालत यायच्या. आठवडाभर चालायचं. मधेच एखादी भांडून उठून जायची, की तिच्या बाजूच्या ओळी मागे राहायच्या. त्या वाकळीत आम्ही चौघं भावंडं झोपलो. ती मळायची, नदीवर आपटून धुतली जायची, आणि फाटली की तीच पुढच्या वाकळीच्या पोटात जायची.

तुम्ही केलंय ते सुंदर असेल, पण ती गोधडी नव्हे, तसबीर आहे. आईंचा प्रश्न बरोबर आहे.

---

सुईदोरा

@कोपऱ्यातला_मी, भांडून उठून गेलेल्या काकींच्या मागे राहिलेल्या ओळी फार आवडल्या. तसबीर म्हणालात तर म्हणा, माझं काही बिघडत नाही. पण वाकळ करताना तुमच्या आजींनीही वरचं लुगडं निवडून घेतलं असेल ना? सगळ्यात बरं, रंगीत, काठाचं? नुसत्या उबेला तर काहीही चाललं असतं.

@शेवंती_७, एवढे टाके भरपूर झाले. क्रेझी क्विल्ट म्हणजे पाच-सहा टाक्यांचीच उलटसुलट खेळी आहे. हेरिंगबोन (तिरक्या फुल्यांचा), फेदर (फांद्याफांद्यांचा), काज, साखळी, लेझी डेझी (सुट्या पाकळीचा) आणि गाठीचा टाका. काजाच्या टाक्याचे पाय एक लांब, एक आखूड घेतले की वेगळी नक्षी. त्याच पायांच्या टोकाला गाठ मारली की तिसरी. फेदरच्या प्रत्येक फांदीला डेझीचं पान लावलं की वेल झाला.

खालचं कापड: मांजरपाट. एकदा धुऊन, इस्त्री करून घ्यायचा. आणि हे अधोरेखित करा: चौकोन बारा इंची हवा असेल तर मांजरपाट चौदा इंची कापा. भरतकामाने कापड आत ओढलं जातं.

शिवायचं असं. मधोमध एक पाचकोनी तुकडा, सुलटी बाजू वर. त्याच्या एका कडेवर दुसरा तुकडा पालथा ठेवायचा, कडेला कड मिळवून, पाव इंचावर टीप मारायची, मग तो उलटून बाहेर पाडायचा आणि इस्त्रीने दाबायचा. पुढची कड, पुढचा तुकडा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत राहायचं. दुसऱ्या फेरीपासून कडा लांब होत जातात आणि सगळे तुकडे पट्ट्यांसारखे दिसायला लागतात. तेव्हा दोन लहान तुकडे आधी आपसात जोडून मग तो जोड लावायचा. हे मला पाचव्या चौकोनाला कळलं. पहिले चार चौकोन म्हणजे उन्हाच्या तिरिपा आहेत नुसत्या.

रेशीम फार सुळसुळीत असेल तर मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा. मखमल शक्यतो पहिल्यांदा टाळा. ती टिपेखाली सरकते आणि इस्त्रीने तिचे केस बसतात.

दोरा अँकर कंपनीचा. लडी आठ मीटरची, सहा पदरी. जोडावर मी तीन पदर घेते, बारीक कामाला एक किंवा दोन. हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नका. आळशाचा दोरा लांब, असं माझ्या शिवणाच्या बाई म्हणायच्या, आणि तो गुंततोच.

---

ओमाहाकर

मी नेब्रास्कात राहते. इथून तासाभरावर लिंकनला आंतरराष्ट्रीय क्विल्ट म्युझियम आहे, विद्यापीठाचं. पहिल्यांदा गेले ते पाहुण्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न होता म्हणून, नंतर मीच जायला लागले.

पांघरण्याच्या वादावर: जिच्यावरून हे सगळं सुरू झालं ती व्हिक्टोरियन क्रेझी क्विल्टही पांघरायची नव्हतीच. ती दिवाणखान्यातली वस्तू. सोफ्याच्या पाठीवर, पियानोवर, टेबलावर पसरलेली, आल्यागेल्याने बघावी म्हणून. कापूस नाही, धुण्याची सोय नाही. थंडीसाठीच्या रजया वेगळ्या. सुईदोरा, तुमच्या आईंना सांगा, हा प्रश्न १८८५ सालच्या सासवांनीही विचारला असणार.

पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाही, ती सांगते. जुन्या क्रेझी क्विल्ट बघताना लक्षात येतं की शेजारशेजारच्या दोन तुकड्यांपैकी एक अगदी काल शिवल्यासारखा, आणि दुसऱ्याच्या उभ्या चिरफळ्या झालेल्या. भरतकाम तसंच, हवेत लोंबकळल्यासारखं, खालचं रेशीम गेलेलं. कारण असं की कच्च्या रेशमावर एक डिंकासारखा थर असतो, तो उकळून काढला की रेशीम मऊ होतं पण वजनही घटतं, जवळपास पाव हिश्शाने. रेशीम वजनावर विकायचं! मग कारखानदार ते कथिलाच्या, लोखंडाच्या क्षारांत बुडवून वजन भरून काढायचे, कधी कधी मूळ वजनाच्याही वर न्यायचे. कापड भरदार वाटायचं, चालताना सळसळायचं, गिऱ्हाईक खूश. पन्नास वर्षांनी ते आपोआप फुटतं. घडी घाला, न घाला. उजेडात लवकर, अंधारात उशिरा, एवढाच फरक. काळे आणि तपकिरी तुकडे सगळ्यात आधी जातात.

म्हणजे बाईने महिनोन्‌महिने डोळे फोडून टाके घातले, आणि दगा दिला दुकानदाराने.

---

चिंधीचोर

@ओमाहाकर, हे वाचून मी उठून कपाट उघडून पाहिलं. पणजीच्या पैठणीला काही झालेलं नाही. हुश्श.

त्यावरून एक सूचना. जुनी पैठणी, जुना शालू कापायच्या आधी दहा वेळा विचार करा. जरीचा धागा खऱ्या चांदीचा असेल तर ती साडी धडकी असो की फाटकी, तिचं मोल वेगळं आहे. एके काळी लोकांनी जरीवाल्याला देऊन टाकल्या, त्याने जाळून चांदी काढली आणि काठावरचे मोर धुरात गेले. आमच्याही घरातल्या दोन अशाच गेल्या. मी फक्त जे घडीवर तुटलंय तेच कापते. रेशीम घडीवर तुटतं म्हणून वर्षातून दोनदा घड्या बदलायच्या, हे आजी सांगायची, आपण ऐकत नाही.

पिशवी नसलेल्यांनी हताश होऊ नये. माझं आयडीच सांगतंय. ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईंकडे जा, खाली पोतं असतं. खणाचे, ब्रोकेडचे, टिश्शूचे इतके सुरेख तुकडे की सांगता सोय नाही. आमच्या टेलरताईंना मी दर दिवाळीला चकल्या देते आणि वर्षभर पोतं माझं. लेस आणि मण्यांसाठी पुण्यात बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर. बोहरी आळीत शिरताना पाकिटात ठरावीकच रक्कम न्यावी आणि फोन घरी ठेवावा, नाहीतर त्यावरून पैसे देता येतात.

---

शेवंती_७

चकल्यांची आयडिया उचलली. मण्यांचं कोणी सविस्तर सांगेल का? दुकानात गेले तर त्याने विचारलं, "कितवा नंबर?" मी म्हटलं, पहिलीच वेळ आहे.

---

काजबटण

😄 तो मण्याचा नंबर विचारत होता. मी सांगते. बारा वर्षं आरीचं (आकडीच्या सुईने करायचं भरतकाम) काम केलंय, लग्नसराईत ब्लाऊज, आता डोळ्यांमुळे कमी केलं. मग हौस म्हणून हेच.

बारीक काचेच्या मण्याचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान. अकरा नंबर म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, सुरुवातीला तोच घ्या. पंधरा नंबर फार बारीक, त्याच्या नेढ्याची सुई... म्हणजे मण्याचं भोक म्हणायचंय मला, त्यातून साधी सुई जात नाही. मण्यांची सुई वेगळी मिळते, लांब आणि केसासारखी. दहा नंबरची सुई अकरा नंबरच्या मण्याला चालते. ती वाकते. वाकली तरी टाकू नका, थोडी वाकलेली सुई हाताला जास्त बरी बसते.

आपल्याकडचे मणी स्वस्त, पण एकसारखे नसतात. एक जाडा, एक बारीक, एकाचं भोक तिरकं. जपानी मणी एकेक मोजून केल्यासारखे, किंमतही तशी. क्रेझी क्विल्टला मला देशीच आवडतात. फुलाच्या मधे ठेवायला वेगवेगळ्या आकाराचेच हवे असतात. रांग सरळ हवी तिथे मात्र निवडून घ्यावे लागतात. मी तांदूळ निवडते तसे ताटलीत निवडते, संध्याकाळी नाही, दिवसा.

आता महत्त्वाचं. एक सबंध माळ ओवून दोन टोकांना टाचू नका. मणी तीन ओवा, सुई खाली घाला, मग मागे येऊन शेवटच्या मण्यातून पुन्हा बाहेर काढा. टीप घालतो तसंच, फक्त मण्यांसकट. दर चार-पाच मण्यांनी मागे एक गाठ. काम दुप्पट, पण कुठे अडकून दोरा तुटला तर पाच मणी पडतील, पन्नास नाही. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, मेणावरून एकदा ओढून घेतलेला. मेणाने गुंता होत नाही आणि दोरा मण्याच्या कडेला घासत नाही.

पाइपचे मणी, म्हणजे लांब नळीसारखे, दिसायला झकास, पण त्यांच्या टोकांना धार असते. ती दोरा कापते. प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घालायचा, म्हणजे दोरा धारेला लागत नाही.

आणि कडेपासून पाऊण इंच जागा मणीविरहित सोडा. चौकोन एकमेकांना जोडताना मशीनच्या पायाखाली मणी आला तर सुई तुटते आणि तुकडा डोळ्यात उडू शकतो. माझ्या एका मैत्रिणीच्या भुवईवर खूण आहे.

---

सुईदोरा

@काजबटण, सव्वादोन वर्षं उशिरा भेटलात हो! पाइपच्या टोकांना मणी मी घातलेले नाहीत. बघू किती टिकतात ते. आता उसवायचा धीर नाही.

---

धारवाडी_पेढा

लेखात इरकल आली म्हणून लिहायला आलो (हो, मी पुरुष आहे, भरतकाम करतो, विषय संपला).

इरकलीच्या त्या पदरावर किंवा अंगावर कशिदा होता का? आमच्याकडची कसुती? धागे मोजून घालतात, कापडावर आधी काही काढत नाहीत. गवंती नावाचा टाका म्हणजे धावदोरा जाऊन तोच परत यायचा, रिकाम्या जागा भरत. पुढून मागून सारखं दिसतं, कुठे गाठ नाही. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. सुईदोरा, तुमच्या आईंसारख्या उलटून बघणाऱ्यांसाठीच ही कला जन्माला आली असणार. क्रेझी क्विल्टच्या साध्या तुकड्यावर मी एकच पालखी काढतो. आजूबाजूला फेदर आणि हेरिंगबोनचा गोंधळ, मधे ही शिस्तीत चाललेली पालखी. फार मजा येते.

आता कोपऱ्यातल्या भाऊंसाठी. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. तुकडे कापून आधी जोडत नाहीत. कडेपासून सुरू करून एकेक तुकडा दुमडून धावदोऱ्याने बसवत आत येतात, अगदी तुमच्या आजींसारख्या. आकारांना माप नाही, रंग भडक. झोपायची, पांघरायची, बाळाला गुंडाळायची, सगळी कामं तिच्यावर. आणि तरी चारी कोपऱ्यांना घडीच्या त्रिकोणी चिंध्यांची फुलं लावतात. त्यांना फुलाच म्हणतात. फुला नसली तर गोधडी उघडी राहिली असं समजतात. तेव्हा ऊब एकीकडे आणि शोभा दुसरीकडे, असं बायकांनी कधी वाटून घेतलेलं नाही. ती वाटणी आपण करतोय.

---

कोपऱ्यातला_मी

@धारवाडी_पेढा, मान्य. वरचं लुगडं निवडायची हे सुईदोरांचं म्हणणंही मी परवा आईला फोनवर विचारलं. आई म्हणाली, आजी हिरवं लुगडं कायम वर घ्यायची, आणि त्यावरूनच काकीशी भांडण व्हायचं, कारण काकीला लाल वर हवं असायचं.

---

चिंधीचोर

=)) धागा वसूल.

---

नवी_सुई

सुईदोरा, फोटो पाहिले, अप्रतिम. अशी एक करून द्याल का? बहिणीच्या वास्तुशांतीला द्यायची आहे, पुढच्या महिन्यात. बजेट दीड-दोन हजार. 

---

सुईदोरा

ताई, विचारलंत त्याबद्दल आभार. रागावले नाही, पण हिशोब मांडते. एका चौकोनाला मला सरासरी पंचेचाळीस तास लागले. नऊ चौकोनांचे चारशे पाच. जोडणं, अस्तर, काठ धरून सव्वाचारशे. तासाला शंभर रुपये धरले तरी साडेबेचाळीस हजार, दोरे-मणी सोडून. आणि पुढच्या महिन्यात म्हणाल तर दिवसाला चौदा तास. माझा नवरा आधीच तीन रविवार मॅगीवर आहे.

वास्तुशांतीला एक चौकोन फ्रेम करून द्या, पण तो तुम्हीच शिवा.

---

काजबटण

+१००. आमच्या ब्लाऊजच्या कामातही हेच. "एवढंसं तर आहे" असं म्हणणाऱ्यांना मी सुई ओवून द्यायला लावते.

---

शेवंती_७

माझा पहिला चौकोन झाला!! म्हणजे चौकोन नाही झाला. चौदा इंची कापला होता, सांगितल्याप्रमाणे. बारा राहायला हवा होता, साडेअकरा भरतोय आणि एक कोपरा वर उचललाय. दोरा जास्त ओढते बहुतेक. शिवाय लाल खणाचा रंग उतरला. नक्षीसाठी आखलेल्या रेघा पुसायला ओला बोळा फिरवला तर शेजारचा मोतिया तुकडा गुलाबी. आता त्यावर काय करू? रडू येतंय.

आणि बुलियन गाठ कोणी शोधून काढली? सुईला आठ वेढे देते, सुई ओढते, तर वेढ्यांसकट सगळं अडकतं. तीन संध्याकाळी गेल्या एका गुलाबापायी.

---

सुईदोरा

अगं, रडू नकोस. गुलाबी डागावर गुलाबाचाच झुपका भर. जुन्या क्विल्टमध्ये मधेच एखादं अस्थानी फूल दिसतं ना, मला दाट संशय आहे की खाली डागच असणार. पुढच्या वेळी प्रत्येक तुकडा आधी तपास. पांढरा रुमाल ओला करून तुकड्यावर दाबायचा आणि वरून इस्त्री. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा एक तर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचा, नाहीतर बाद. मिठाच्या पाण्याने रंग बसतो म्हणतात, माझा काही बसला नाही.

ओढ कमी करायला कापड ताणून धरायची रिंग वापर. टाका घालून झाल्यावर दोरा कापडावर नुसता टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. उचललेला कोपरा उलट बाजूने, जाड टॉवेलवर ठेवून वाफेच्या इस्त्रीने थोडा बसेल. मणी लावायच्या आधी! पापड आठव.

बुलियनला सुई चुकतेय तुझी. भरतकामाच्या सुईचं नेढं पोटाशी फुगीर असतं, ते वेढ्यांत अडकतं. स्ट्रॉ नीडल किंवा मिलिनर्स सुई माग. तिचं नेढं आणि अंग एकाच जाडीचं असतं, सरळ सरकते. वेढे घट्ट देऊ नकोस. डाव्या अंगठ्याने वेढे धर, सुई हळूच ओढ, आणि दोरा ज्या दिशेने गाठ झोपवायची त्या दिशेला ओढत ने.

---

शेवंती_७

सुई बदलली. झाला!!! एक गुलाब. पाच पाकळ्या. नवऱ्याला दाखवला तर म्हणाला, "अळी छान आहे."

---

कोपऱ्यातला_मी

माझा एक प्रश्न, आता कोणी हसू नका. गावाहून आईने आजीच्या शेवटच्या वाकळीचा एक कोपरा पाठवलाय, बाकीची उंदरांनी खाल्ली. वीतभर आहे. वर हिरवंच लुगडं. खाली किती थर आहेत मोजले, सहा. हे क्रेझी क्विल्टमध्ये बसवता येईल का? बायको शिवायला तयार आहे, म्हणजे मी शिवायचं आणि तिने चुका काढायच्या असं ठरलंय.

---

सुईदोरा

बसवता येईल, पण सहा थरांसकट टिपेत घेऊ नका, मशीन रडेल. थर उसवूही नका. बाकीचा चौकोन पूर्ण करून घ्या, मग हा कोपरा वर ठेवून कडेने हाताने काजाच्या टाक्यात बसवा. दोरा सहाच्या सहा पदर, नाहीतर साधं जाड रीळ. सुई मोठ्या नेढ्याची, टोकदार, आणि बोटात अंगुस्तान घालाच. त्यावर दुसरं काही भरू नका. आजींचा धावदोरा दिसतोय तेवढा पुरे. आणि काठाला लाल लावा, काकींसाठी.

ता.क. आईची बातमी. काल ती पुन्हा आली होती. मी चहा टाकायला गेले, परत आले तर टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसलेली, आणि क्विल्ट मांडीवर, मण्यांची बाजू वर, खाली अस्तर. म्हणाली, "एसी फार आहे तुझ्याकडे." दोन तास तशीच. उठताना बांगडी अडकली आणि मणी घरंगळत सोफ्याखाली गेले. पाच सापडले.

---

काजबटण

कोणते होते? पाइपचे का?

---

सुईदोरा

पाइपचेच.